डागमास्तरांचं नवंकोरं खातं

डागमास्तरांनी तो अंगठा पहिल्यांदा पाहिला तेव्हा बँकेतले सगळे पंखे एकदम बंद पडले, रांगेतल्या एका धडधाकट माणसाला घेरी आली आणि भिंतीवरचं घड्याळ शरमेने उलटं फिरू लागलं. निदान डागमास्तर तरी असंच सांगत. काचेपलीकडच्या कॅशिअरने तोंड उघडलं, आतून जीभ बाहेर आली, आली, येतच राहिली. "बैलाचीसुद्धा एवढी नसते हो!" असं डागमास्तर हाताने माप दाखवून सांगत. त्या जिभेने अंगठ्याला न्हाऊमाखू घातलं आणि तो ओलाचिंब अंगठा डागमास्तरांच्या नोटांवरून असा फिरला, जशी गोगलगाय कोबीच्या पानावरून फिरते. दोन-तीन नोटा झाल्या की पुन्हा आंघोळ. गड्डी मोजून होईपर्यंत पेलाभर थुंकी खर्ची पडली असावी, असा डागमास्तरांचा अंदाज होता. वर अंगठ्याचा मालक गोड हसून म्हणाला, "बरोबर भरल्या हं."

त्या दिवशी डागमास्तरांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि जेवणाच्या ताटावरून उठून ते पुन्हा एकदा धुऊन आले. कॅशिअरचं नाव त्यांनी अंगठेबहाद्दर ठेवलं. माणूस चांगला पदवीधर होता, अक्षर मोत्यासारखं होतं. पण डागमास्तरांच्या लेखी तो कायमचा अंगठेबहाद्दर झाला. बँक दुकानाच्या अगदी समोर. दुसरी बँक गाठायची तर दुकान बंद करून बस पकडायला हवी. तेव्हा पुढची वीस वर्षं डागमास्तर दर आठवड्याला गल्ला घेऊन त्या खिडकीशी जात राहिले, नोटा आत सरकवत राहिले आणि मान वळवून भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं बघत राहिले. ते नळकांडं कसं वापरायचं याच्या सूचना त्यांना तोंडपाठ होत्या.

आता अशा माणसाने पोटापाण्यासाठी काय करावं? फुलं विकावीत, घड्याळं दुरुस्त करावीत. डागमास्तरांचं होतं ड्रायक्लीनिंगचं दुकान. गावभरचा मळ स्वतःच्या पायांनी चालत त्यांच्याकडे यायचा. काउंटरवर कोट ठेवला की डागमास्तर तो दोन बोटांनी उचलत, उजेडाकडे धरत, नाकाचा शेंडा वर ओढत आणि म्हणत, "शी!" ही 'शी' एकसुरी नसे. अंड्याच्या बलकाला आखूड, केसांच्या कलपाला लांबलचक, आणि लहान मुलांच्या ओकारीला तिच्या शेवटी एक छोटासा उसासा. गिऱ्हाइकं मनावर घेत नसत. उलट एखाद्याच्या कोटाला 'शी' मिळाली नाही तर त्याला वाटे, आज मास्तरांचं आपल्याकडे लक्ष नाही. कारण 'शी' म्हणून आत नेलेला कोट बाहेर यायचा तो असा, की लग्नातसुद्धा इतका नवा नव्हता. डाग काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. (धरला असता तरी त्यांनी तो झटकला असता.)

त्यांची बायको याच्या बरोबर उलट. ती पाळणाघरात कामाला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसायची, दुपटी बदलायची, उष्टा बिस्किटाचा लगदा टेबलावरून हातानेच गोळा करायची. पोरं तिला माऊमावशी म्हणत, म्हणून सगळी आळीच तिला माऊमावशी म्हणू लागली. तिला आयुष्यात कशाचीच किळस आली नाही. तिच्या भावाच्या मते याला पुरावा एकच पुरेसा होता: तिने डागमास्तरांशी लग्न केलं.

दोघं राहायची भाड्याच्या दोन खोल्यांत. खोल्या वाईट नव्हत्या. माऊमावशीने पडदे लावले होते, खिडकीत कुंड्या होत्या, फरशीवर डागमास्तर रोज स्वतः फडकं मारत. वाईट होतं ते न्हाणीघर. ते जिन्याच्या वळणावर होतं आणि चार बिऱ्हाडांत मिळून एकच होतं. त्याच्या पाणी जायच्या जाळीवर कायम केसांचं एक घरटं असे. काळे, पांढरे, लाल कलप लावलेले, कुरळे, असे सगळ्या मजल्यांचे केस तिथे बंधुभावाने एकत्र नांदत. भिंतीच्या कोनाड्यात कुणाची तरी साबणाची वडी ओली, बुळबुळीत, आणि तिच्यावर एकच वाकडा केस, सही केल्यासारखा. डागमास्तर आत जाताना रबरी चपला घालत, श्वास रोखत, आणि कोपराने कडी लावत. बाहेर येत ते बुडता बुडता वाचलेल्या माणसासारखे. माऊमावशी जिन्यात टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभी असे आणि म्हणे, "आलात? मला वाटलं दोर टाकावा लागतोय."

"अगं, तिथे आज कुणीतरी दाढी केलीय. खुंट आहेत सगळीकडे."

"मग काय, उचलून परत नेऊन लावू का त्यांना?"

डागमास्तरांचं आयुष्यात मागणं एकच होतं. बंगला नको, गाडी नको. स्वतःचं न्हाणीघर हवं. असं, की जाळीवर केस दिसला तर तो कुणाचा हे विचारायला लागू नये.

आणि ते सापडलं. दुकानापासून जवळ, स्टेशनरीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घराची मालकीण वयस्कर होती, एकटी होती, परगावी लेकीकडे राहायला जायचं म्हणून तिने तो विकायला काढला होता. माऊमावशी स्वयंपाकघर बघत होती. डागमास्तर न्हाणीघरात शिरले. पांढऱ्या फरशा, थेट छतापर्यंत. उजेडाची खिडकी. जाळी चकचकीत, उपाशी. त्यांनी आतून कडी लावली, ती अंगठा आणि तर्जनीने, कोपराने नव्हे. बराच वेळ गेला. शेवटी मालकिणीने दार वाजवलं.

"अहो, बरं वाटत नाहीये का?"

आतून आवाज आला, "खूप बरं वाटतंय."

माऊमावशीने त्याच संध्याकाळी टॉवेल अडकवायला एक पितळी हूक विकत आणला. घराचा पत्ता नाही आणि हूक आला, म्हणून डागमास्तर हसले. पण रात्रीपर्यंत तो हूक त्यांनी चारदा पुसला.

मग कर्ज. घरासाठी कर्ज देणाऱ्या कंपनीत त्यांच्या अर्जाचं काम बघायला एक बाई होत्या. डागमास्तर त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांची भक्ती जडली. कारण बाईंनी कागद उलटायच्या आधी बोटाला छोटीशी रबरी टोपी घातली. थुंकी नाही, ओला स्पंज नाही. कोरडी, स्वच्छ, निळी टोपी. डागमास्तरांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. जगात अशीही माणसं आहेत आणि त्यांच्याच हाती आपलं कर्ज आहे, म्हणजे घर झाल्यातच जमा!

बाईंनी जुन्या बँकेतल्या खात्याचं स्टेटमेंट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याही खूश झाल्या. "काका, खातं असावं तर असं. वीस वर्षं, दर आठवड्याला गल्ला भरलाय. एकही चेक परत नाही. कुठे कर्ज नाही, कार्ड नाही."

"मला उधारीची शिसारी आहे," डागमास्तर म्हणाले.

"छान. मंजूर व्हायला हरकत नाही. फक्त पैसे हातात देण्याआधी आम्ही शेवटची एकदा तपासणी करतो. तोपर्यंत काही बदल करू नका हं. जसं आहे तसं राहू द्या."

"केस कापले तर चालतील?"

"केस कापा," बाई हसून म्हणाल्या. "पैशांच्या बाबतीत म्हणतेय मी. नवं कर्ज नको, हप्त्यावर फ्रीज नको."

"छे छे! फ्रीज कशाला?" डागमास्तर म्हणाले. आणि त्यांनी शब्द पाळला. फ्रीज घेतला नाही.

इथे माऊमावशीचा धाकटा भाऊ रंगमंचावर येतो. त्याला नुकतीच एका नव्या बँकेत नोकरी लागली होती आणि त्या बँकेने डागमास्तरांच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे शाखा उघडली होती. गळ्यात टाय, केसांना जेल, आणि डोळ्यांत महिनाअखेरीची भीती. महिन्याला ठरावीक नवी खाती आणली नाहीत तर साहेब सगळ्यांसमोर उभं करायचा. नातेवाईक संपत आले होते. आता शेवटचे भाऊजी उरले होते.

"भाऊजी, नुसती सही करा. बाकी मी बघतो."

"मला काय करायचंय दुसरं खातं? कर्ज चाललंय माझं. बदल करायचा नाही म्हणून सांगितलंय बाईंनी."

"कर्ज घेऊ नका म्हणाल्या ना? मी कुठे कर्ज देतोय? हे खातं आहे. वर ट्रॉली बॅग फुकट."

"तुझी बॅग तुझ्याकडेच ठेव."

मेहुणा हाडाचा विक्रेता नव्हता. पण पराभवाच्या तोंडाशी आलेल्या माणसाला सुचतं तसं त्याला सुचलं. तो उठता उठता म्हणाला, "बरं, नका करू. आमच्याकडे नोटांना माणसाचा हातसुद्धा लागत नाही, एवढंच सांगायला आलो होतो. मशीन मोजतं."

डागमास्तर दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला वाफ देत होते. त्यांचा हात थांबला. "सगळ्या?"

"सगळ्या. फर्रर्र, झालं."

दुसऱ्या दिवशी डागमास्तर नुसतं बघायला म्हणून गेले. दार आपोआप उघडलं. मुठीला हात लावायची गरजच नाही. आत लिंबाचा वास. फरशी अशी, की वाकून भांग पाडावा. पेन दोरीला बांधलेलं नव्हतं, ते मोकळं, स्वतंत्र पडलेलं होतं. आणि खिडकीत ते मशीन, कुणाच्याही जिभेवाचून नोटा मोजत होतं. डागमास्तरांना वीस वर्षं आठवली. ते नळकांडं आठवलं. आपण काय म्हणून हे सोसलं, असं त्यांना वाटलं.

कुणी म्हणेल, हा माणूस विसरला. तो विसरला नव्हता. त्याने विचार केला होता, आणि तीच तर पंचाईत झाली. डागमास्तरांचा विचार असा: खातं म्हणजे काय? कपाट. कपाट बदललं म्हणून शर्ट बदलतो का? आणि बाईंची शेवटची तपासणी व्हायचीय म्हणतात. तपासणीला जाताना माणूस मळक्या कपड्यांनी जातो की धुतलेल्या? तेव्हा पैसेही नव्या, स्वच्छ जागी नीट घडी करून ठेवलेले दिसले तर बाई प्रसन्नच होतील. रबरी टोपी घालणारी बाई ती! तिला नाही कळणार तर कुणाला?

मेहुण्याने पाच-सहा ठिकाणी सह्या घेतल्या. डागमास्तरांनी वाचलं नाही, कारण ते मेहुण्याच्या नखांकडे बघत होते. नखं स्वच्छ होती. सह्या झाल्या.

"आता जुन्या खात्यातले ट्रान्सफर करून घेऊ," मेहुणा म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"ट्रान्सफर?" डागमास्तरांच्या नाकाचा शेंडा वर गेला. "म्हणजे मळका कपडा न धुता दुसऱ्या कपाटात टाकायचा. शी!"

"भाऊजी, ट्रान्सफरमध्ये नोटा नसतातच. आकडे असतात."

"आकडे कशाचे? त्याच नोटांचे ना? मग त्याच्याच अंगठ्याखालून गेलेले आहेत ते. मी रोख आणतो."

मेहुण्याने थोडं समजावलं. फार नाही. रोख काय, ट्रान्सफर काय, त्याचं खातं मोजलं जाणार होतं.

जुन्या बँकेतलं खातं बंद करायला डागमास्तर गेले तो प्रसंग मोठा गंभीर होता. अंगठेबहाद्दर आता पिकला होता, चष्मा नाकावर उतरला होता, पण अंगठा तसाच तरणाबांड. तो सगळी जमा मोजू लागला. घरासाठी साठवलेली सगळी पुंजी! डागमास्तर नळकांडं बघायचं ठरवून गेले होते. पण आज शेवटचं म्हणून त्यांची नजर खिळली ती अंगठ्यावरच. जीभ बाहेर, अंगठा आत. अंगठा नोटेवर. पुन्हा जीभ. मध्येच अंगठेबहाद्दर थांबून काहीतरी बोलला. डागमास्तरांनी मान डोलावली. तो पुन्हा बोलला, जरा पुढे वाकून. डागमास्तरांना त्याच्या खालच्या ओठावर चकाकणारा एक थेंब दिसत होता आणि तो आता पडतो की मग पडतो या चिंतेत त्यांचा जीव होता. तो तिसऱ्यांदाही बोलला. मग खांदे उडवून त्याने गड्ड्या बाहेर सरकवल्या. त्या डागमास्तरांनी पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत टाकली आणि ते दुकानात आले.

तिथे पुढचा आठवडाभर जे घडलं ते जगातल्या कुठल्याही ड्रायक्लीनिंगच्या दुकानात घडलं नसेल. संध्याकाळी शटर अर्धं ओढून डागमास्तर नोटा धुऊ लागले. पाण्याने नव्हे, इतके ते वेडे नव्हते. आधी मऊ ब्रश. मग पांढरं सुती फडकं, किंचित ओलं. मग वर दुसरं कोरडं फडकं आणि बेताच्या आचेची इस्त्री. नोट खालून निघायची ती कडक, सपाट, कोमट. रोज थोड्या थोड्या. गल्ल्यात पडलेल्या नोटाही त्यांनी त्यातच घेतल्या; दोन-दोन रांगा कशाला! माऊमावशी डबा घेऊन आली तेव्हा इस्त्रीच्या टेबलावर पुंजी पसरलेली आणि नवरा एका नोटेचा कोपरा नखाने सरळ करतोय.

"अहो! ही नोट आहे की शर्टाची कॉलर?"

"वास घेऊन बघ."

तिने वास घेतला. "इस्त्रीचा येतोय."

"तेच तर!" डागमास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा नुकत्याच न्हालेल्या बाळासारखा दिसत होता. माऊमावशीला असे चेहरे आवडत. ती घरी गेली आणि पिठाच्या डब्याखाली लपवून साठवलेले तिचे पैसे आणून तिनेही टेबलावर ठेवले. "हेही घ्या मग. हे मात्र पोरांच्या हातचे आहेत हं, जरा जास्त आच द्या."

आठवडा संपल्यावर डागमास्तर नव्या बँकेत आले. दार आपोआप उघडलं. लिंबाचा वास आला. मेहुण्याने गड्डी मशीनमध्ये ठेवली. फर्र झालं आणि थांबलं. पुन्हा ठेवली, पुन्हा थांबलं. इस्त्रीने नोटा एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की मशीनला दोन नोटांची एक वाटत होती. मशीन बारीक आवाजात किंचाळू लागलं. मागे रांग वाढली. साहेबाने काचेच्या खोलीतून मान वर केली. मेहुण्याला घाम फुटला.

"असू दे भाऊजी," तो म्हणाला. "हाताने मोजतो."

आणि टायवाल्या, जेलवाल्या, स्वच्छ नखांच्या त्या मेहुण्याने तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली आणि अंगठा तिच्यावर फिरवला.

डागमास्तरांनी सवयीने भिंतीकडे बघितलं. तिथे नळकांडंही नव्हतं. नुसतं एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं, आणि ते कुटुंब नव्या घराच्या दारात उभं होतं.

कर्जाच्या कंपनीतून पंधरा दिवसांनी फोन आला. डागमास्तर नव्या बँकेचं स्टेटमेंट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गेले. सोबत माऊमावशी. बाईंनी रबरी टोपी चढवली, पान उलटलं. मग टोपी काढली आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे काय केलंत?"

"स्वच्छ बँक आहे," डागमास्तर म्हणाले.

"जुनं खातं कुठाय?"

"बंद केलं."

"अहो, तेच बघून तर आम्ही हो म्हणालो होतो! वीस वर्षं तुमचा धंदा नीट चाललाय, हे त्या खात्यावरून दिसत होतं. या खात्याला महिनासुद्धा झाला नाही. यावरून मी काय सांगू वरती?" त्यांनी संगणकाकडे पाहिलं. "आणि हे ओव्हरड्राफ्ट आणि क्रेडिट कार्ड कधी घेतलंत?"

"मी? कधीच नाही. मला उधारीची शिसारी..."

"खात्याबरोबर आलंय. सह्या आहेत तुमच्या. त्यासाठी त्या बँकेने तुमची चौकशी केली, म्हणून स्कोअर थोडा उतरला. तो थोडाच उतरलाय, त्याचं काही नाही. साधं खातं उघडून जुनं चालू ठेवलं असतंत ना, तर मी पाच मिनिटांत मिटवलं असतं. पण ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात नसलेले पैसे उचलायची सोय, तुम्ही वापरा किंवा वापरू नका, आम्हाला तो कर्जासारखाच धरावा लागतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ही रोख. जुन्या खात्यातून काढलीत त्यापेक्षा जास्त भरलीय. कुठून आली?"

"त्यात माझे होते थोडे," माऊमावशी म्हणाली.

"आणि गल्ला होता," डागमास्तर म्हणाले.

"बरं. पण काढली एका आठवड्यात आणि भरली दुसऱ्या. मधल्या काळात पैसे कुठे होते?"

"दुकानात."

"दुकानात कुठे?"

डागमास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"इस्त्रीखाली," डागमास्तर म्हणाले.

बाईंनी उचललेलं पेन पुन्हा खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी असं लिहू वरती?"

"स्वच्छ केले म्हणून लिहा ना. खरं तेच आहे."

"काका, पैसे स्वच्छ केले असं आमच्याकडे लिहिलं ना, तर तुम्हाला भेटायला भलतीच माणसं येतील." त्यांनी कागद पिशवीत परत घातले. माणूस भला होता हे त्यांना दिसत होतं, आणि भलेपणाला रकाना नव्हता. "नाही म्हणत नाही आम्ही. ओव्हरड्राफ्ट आणि कार्ड बंद करा. हेच खातं सहा महिने नीट चालवा. मग या. आपण नव्याने बघू."

सहा महिने! मालकीण सहा आठवडेसुद्धा थांबायला तयार नव्हती. तिच्या लेकीने खोली रंगवून ठेवली होती.

डागमास्तर तिथून थेट जुन्या बँकेत गेले. बायकोला बाहेर बाकावर बसवलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा, भरायला किंवा काढायला काही नसताना, त्या खिडकीशी उभे राहिले.

"साहेब, माझं खातं पुन्हा उघडा."

अंगठेबहाद्दराने चष्मा वर केला. "मोडलेलं खातं उघडत नाही हो मास्तर. नवं काढून देतो वाटल्यास. पण ते आजपासून मोजणार."

"मग जुनी वीस वर्षं?"

"ती गेली." मग तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "पण मी सांगितलं होतं ना तुम्हाला? तीनदा सांगितलं. घराच्या कर्जासाठी स्टेटमेंट मीच काढून दिलं होतं, मला माहीत होतं. म्हटलं, मास्तर, कर्ज हातात पडेपर्यंत हे खातं मोडू नका. दुसरं काढायचं तर नंतर काढा. तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, मोठ्या माणसाने काहीतरी ठरवलं असेल."

डागमास्तरांना तो खालचा ओठ आठवला, त्याच्यावरचा तो थेंब आठवला. त्या थेंबामागून शब्द येत होते, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. वीस वर्षं या माणसाने त्यांची एक नोट इकडची तिकडे केली नव्हती. आणि तरीही, आत्तासुद्धा, तो वहीचं पान उलटायला अंगठा तोंडाकडे नेत होता आणि डागमास्तरांच्या नाकाचा शेंडा वर ओढला जात होता. उपकार कळले म्हणून किळस जाते असं नाही. ते "बरं" म्हणाले आणि नळकांड्याकडे बघत बाहेर पडले.

घरी येईपर्यंत माऊमावशी चार पावलं पुढेच चालत राहिली. जिना चढून वर आल्यावर तिने पर्स ठेवली, आणि मग मात्र फुटली.

"एका अंगठ्यासाठी! एका म्हाताऱ्याच्या अंगठ्यासाठी माझं घर घालवलंत तुम्ही!"

"अगं, तू बघितला नाहीस तो..."

"मी दिवसभर पोरांची नाकं पुसते. दुपटी धुते. त्याच हातांचं जेवताय ना इतकी वर्षं? तेव्हा नाही ती तुमची शी येत?"

"तू हात धुतेस ना पण."

माऊमावशीने टॉवेल खांद्यावर टाकला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"कधीकधी विसरते," ती म्हणाली, आणि जिन्याच्या वळणावर जाऊन रांगेत उभी राहिली.

डागमास्तर खुर्चीत बसले. त्यांनी आयुष्यात जेवढ्या 'शी' काढल्या त्यांतली सगळ्यात लांब तेव्हा निघाली असावी, पण ती ऐकायला खोलीत कुणी नव्हतं. मग त्यांनी ड्रॉवरमधून तो पितळी हूक काढला, रबरी चपला न घालता बाहेर गेले आणि सामाईक न्हाणीघराच्या दाराआड तो ठोकून आले. केसांच्या घरट्याकडे त्यांनी बघितलं नाही. माऊमावशीने टॉवेल त्या हुकाला अडकवला, कडी लावली आणि आतून म्हणाली, "वाकडा बसलाय." पण दुसऱ्या दिवसापासून तिथे चारही बिऱ्हाडांचे टॉवेल लटकू लागले, एकावर एक, ओले. तेव्हा तिला पुन्हा आपला खांद्यावरच घ्यावा लागला.

मेहुण्याला त्या महिन्याचं बक्षीस मिळालं. ट्रॉली बॅग डागमास्तरांकडे आली. तिच्यात आता हँगर ठेवतात. ओव्हरड्राफ्ट बंद झाला, कार्ड कापलं, खातं सहा महिने नीट चाललं आणि अजून चालतंय. तोपर्यंत त्या भागातल्या घरांच्या किमती अशा वर गेल्या की बाईंकडे पुन्हा जायचं कारणच उरलं नाही.

स्टेशनरीच्या दुकानावरचा तो फ्लॅट एका दातांच्या डॉक्टरने घेतला. न्हाणीघराची भिंत काढून तिथे पेशंटची खुर्ची बसवली आणि चुळा थुंकायचं भांडं. फरशा तशाच ठेवल्या. मागच्या वर्षी डागमास्तरांची दाढ तिथेच काढली.